पाठमोरी मुलगी

एवढा मोठा केलेला तो फोटो ओलीटा क्रम्पनं आधी कधी पाहिला नव्हता, आणि पाहायची तिला हौसही नव्हती. चाळीस वर्षं तो तिच्या पार्लरच्या भिंतीवर होताच की, वर्तमानपत्रातून कापलेला, तळहाताएवढा, वाफेनं पिवळा पडलेला. अलाबामातल्या कॅलहून फेरी या गावात प्रत्येक काळ्या माणसाच्या घरात तो असतोच. कुणाच्या स्वयंपाकघरात, कुणाच्या बायबलात. एकोणीसशे त्रेसष्टचा मे महिना, औषधांच्या दुकानासमोरचा चौक, बंबाच्या पाण्याचा लोट, आणि त्या लोटाकडे तोंड करून, आपल्याकडे पाठ करून उभी असलेली चौकड्याच्या फ्रॉकातली मुलगी. आता जुन्या बस डेपोच्या इमारतीत गावानं संग्रहालय काढलं होतं, रविवारी त्याचं उद्घाटन, आणि हा फोटो त्यांनी जमिनीपासून छतापर्यंत भिंतभर करून घेतला होता. तिथं कामाला असलेली ट्रेनीस नावाची चुणचुणीत मुलगी गुरुवारी ओलीटाला घ्यायला आली. "मिस ओलीटा, निम्मी माणसं पाठमोरी आहेत हो. पास्टर म्हणाले, तोंडं मी ओळखीन, डोकी मात्र ओलीटाला विचारा." ओलीटा हसली. पन्नास वर्षं गावाची डोकी तिच्या हाताखालून गेली होती, ते काही खोटं नाही. काठी टेकत ती भिंतीशी उभी राहिली आणि सटासट नावं सांगत सुटली. "हा विल्यम नेसबिट. तेव्हापासूनच टक्कल पडायला लागलेलं बघ, आणि बायकोला सांगायचा, टोपीनं होतं. ही लुसिंडा. ही लुसिंडाची जाऊ, हिच्या डोक्यात नेहमी कोंडा." ट्रेनीस खिदळत एकेका डोक्याखाली नंबराची चिठ्ठी डकवत होती. ओलीटा मधल्या मुलीकडे आली तशी ट्रेनीस म्हणाली, "हिचं राहू द्या. हिचं नाव सगळ्या जगाला ठाऊक आहे. मिस मोझेल यान्सी." आणि ओलीटाचा डावा हात आपोआप वर गेला, बोटं हवेत थांबली, जणू समोर खरोखरच कुणाचं डोकं होतं.

तळहाताएवढ्या कागदात डोकं म्हणजे शाईचा एक ठिपका होता. इथं ते परातीएवढं होतं. उजवीकडच्या केसांना पाणी लागलेलं, ते वेटोळी होऊन कवटीला चिकटलेले. डावीकडचे अजून तापल्या कंगव्यानं केलेले तसे सरळ, कोरडे, खांद्यावर टेकलेले. म्हणजे पाणी लागून दोन श्वाससुद्धा झालेले नव्हते. पुढच्या क्षणी तेही आखडले असतील, पण फोटोवाल्यानं तेवढ्यात कळ दाबली होती. आणि मधून गेलेला भांग. गावातल्या सगळ्या बायका भांग पाडतात तो कपाळाकडून मागे. ओलीटा डावरी, ती लहानपणापासून मानेकडून सुरू करी आणि वर जाई, त्यामुळे मानेशी तिचा भांग सुरीनं आखल्यासारखा बारीक असे आणि वर जाता जाता डावीकडे झुके. आईनं कितीदा त्यावरून फटकारलं होतं. दुसऱ्या कुणाचा भांग असा पडत नाही. आणि वर, टाळूच्या जरा खाली, एकच भोवरा. मोझेलला दोन आहेत. दर पंधरा दिवसांनी पस्तीस वर्षं ओलीटा त्या दोन भोवऱ्यांशी झगडत आली होती. "काय झालं, मिस ओलीटा?" "काही नाही, चष्मा," असं म्हणून ती बाहेर आली आणि बसथांब्याच्या बाकावर बसली. बस आली, दार उघडलं, ड्रायव्हर म्हणाला, "येताय का, आजी?" तिनं मान हलवली. बस गेली. ती तिथंच बसून राहिली.

व्हर्डेल. तिची धाकटी बहीण. आई गेली तेव्हा व्हर्डेल नऊ वर्षांची होती, आणि बाप तर त्याआधीच नदीत सापडला होता, पाठीमागे हात बांधलेला. तो कसा गेला हे कुणी विचारलं नाही, कारण विचारायचं कुणाला? त्या दिवसापासून ओलीटाच्या पोटात जी भीती बसली ती काही उठली नाही. घराच्या पुढच्या खोलीत तिनं पार्लर काढलं, परवान्याचा कागद चौकटीत लावला, आणि व्हर्डेलला मुठीत धरून वाढवलं. सोळाव्या वर्षी चर्चच्या पोरांचं मोर्च्याचं चाललं तेव्हा तिनं एकच सांगितलं होतं, "त्या चौकात पाऊल टाकलंस तर या घरात टाकू नकोस." व्हर्डेल हो म्हणाली होती. शनिवारी संध्याकाळी नेहमीसारखी ती ओलीटाच्या गुडघ्यांमध्ये जमिनीवर बसली, शेगडीवर कुरळे केस सरळ करायचा लोखंडी कंगवा तापत होता, आणि व्हर्डेल कान मुठीत धरून ओरडत होती, "लीटा, कान सांभाळ गं! मला दोनच आहेत!" ओलीटानं मानेकडून भांग पाडला. सोमवारी मोर्च्यातल्या पोरांना पांगवायला पोलिसांनी चौकात बंब आणले. दुपारभर पार्लरच्या बंद दारामागे ओलीटा बसून होती, बाहेरून पोरांचं ओरडणं ऐकू येत होतं आणि व्हर्डेल घरात नव्हती. संध्याकाळी मागच्या दारानं ती आली. अंगावर स्वतःचा निळा स्कर्ट, केस सरळ, कोरडे, एक बट इकडची तिकडे नाही. "कुठं होतीस?" "मोझेलकडे. अभ्यास करत होतो." ओलीटाचा जीव भांड्यात पडला. तिनं बहिणीचं डोकं छातीशी धरलं, देवाचे आभार मानले आणि तिला मक्याचा ब्रेड आणि घेवडा वाढला. बंबाचं पाणी लागलेल्या पोरी गावात गल्लोगल्ली फिरत होत्या, आखडलेल्या केसांच्या, डोळे सुजलेल्या. आपली कोरडी आहे, आपली वाचली, एवढंच तेव्हा तिला कळत होतं.

पण माणसाची जात मोठी वाईट. भीती सरली की तिच्या जागी काय येईल सांगता येत नाही. वर्षभरात चौकातल्या 'फक्त गोऱ्यांसाठी'च्या पाट्या उतरल्या, औषधांच्या दुकानातल्या खाण्याच्या काउंटरवर काळ्यांना बसायला मिळायला लागलं, आणि पार्लरच्या खुर्चीत बसलेली प्रत्येक बाई आपल्या पोरीचं सांगू लागली. माझीला एवढं लागलं, माझी दोन दिवस कोठडीत होती. मोझेलची आई तर फोटो पर्समध्ये घेऊनच फिरायची. आणि ओलीटा, जिनं स्वतः दाराला कडी लावली होती, ती ओलीटा कंगवा फुंकत म्हणायची, "आमच्या घरात बाई एकच कोरडी राहिली!" बायका हसायच्या. व्हर्डेल कोपऱ्यात केर काढत असायची. एका शनिवारी ती झाडू थांबवून म्हणाली, "मी होते तिथं, लीटा." अगदी हळू म्हणाली. आणि ओलीटा भरल्या दुकानात म्हणाली, "पोरी, मला केस शिकवू नकोस. ते पाणी लागलं की चार दिवस केस वळणावर येत नाहीत. तुझे त्या संध्याकाळी रेशमासारखे होते. पळालीस तर पळालीस, खोटं तरी बोलू नकोस." सगळं दुकान हसलं. व्हर्डेलनं उरलेला केर भरला, सुपली जागेवर ठेवली. अठरा पूर्ण झाल्यावर ती डेट्रॉइटच्या बसमध्ये बसली. मग नाताळची कार्डं, कधीमधी फोन, लग्न, एक मुलगी, जोनेल. पंधरा वर्षांपूर्वी छातीच्या दुखण्यानं ती गेली तेव्हा कुठं शवपेटीतून घरी आली, एक्केचाळीस वर्षांची.

आता बाकावर बसून ओलीटाला आठवत होतं ते तेवढंच असतं तरी चाललं असतं. पण त्यापुढचंही आठवत होतं. अंत्यविधीच्या दिवशी चर्चमध्ये वाटतात त्या पुस्तिकेत गेलेल्या माणसाचं सगळं आयुष्य छापतात. जन्म कुठला, बाप्तिस्मा कधी झाला, मागं कोण कोण राहिलं. व्हर्डेलचं तसं जोनेलनं लिहून आणलं होतं, सतरा वर्षांच्या पोरीनं, गोल गोल अक्षरात. त्यात एक ओळ होती: 'सोळाव्या वर्षी कॅलहून फेरीच्या चौकात ती बंबाच्या पाण्यासमोर उभी राहिली.' छपाईला द्यायच्या आधी ओलीटानं ती वाचली आणि लाल पेन्सिलीनं खोडली. एकदा नाही, दोनदा रेघ मारली. "देवाच्या घरात मी खोटं वाचू देणार नाही." जोनेल म्हणाली, "आईनं मला सांगितलंय." "तुझ्या आईनं मलाही सांगितलं होतं. पुरावा आहे?" पोरगी तिच्याकडे बघत राहिली, तेच व्हर्डेलचे डोळे. दफन झाल्यावर चर्चच्या तळघरात सगळे जेवायला बसले तेव्हा ती पंगतीत नव्हती. ती तशीच उपाशी स्टेशनवर गेली, आणि तेव्हापासून तिचं एक अक्षर आलं नाही. दर जानेवारीत ओलीटा जुन्या कॅलेंडरच्या पाठीवरचा तिचा नंबर नव्या कॅलेंडरच्या पाठीवर उतरून घ्यायची. फिरवला कधीच नाही.

शनिवारी दहाला मोझेल आली. छप्पन्न वर्षांची, अंगानं भरलेली, चर्चच्या बायकांच्या मंडळाची अध्यक्ष, हातात नव्या झग्याची पिशवी. "मिस ओलीटा, उद्या मॉन्टगोमेरीचे टीव्हीवाले येताहेत म्हणे! असे बसवा केस की चाळीस वर्षं कमी दिसली पाहिजेत." "चाळीस वर्षं बाजूला सारायला मी मोझेस आहे का, समुद्र दुभंगायला?" ओलीटाच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, आणि मोझेल खळाळून हसत बेसिनशी मान मागे टाकून बसली. ओलीटानं पाणी सोडलं. बोटांना तिचे दोन भोवरे लागले, एक इकडचा, एक तिकडचा. दोन दिवस ओलीटा जेवली नव्हती की झोपली नव्हती. आतल्या आत एकच प्रश्न घोळवत होती, आणि आता तो विचारायचा तर तिनं उगाच शांपू दुसऱ्यांदा लावला. कारण उत्तर मिळालं की मग पुढं काय, हे तिला ठाऊक नव्हतं. "मोझेल," ती म्हणाली, "त्या सोमवारी व्हर्डेलचे केस कुणी सरळ केले?"

मोझेलनं डोळे उघडले नाहीत. पाणी वाहत होतं. "कुठल्या सोमवारी?" "तुला ठाऊक आहे कुठल्या." मग ती छताकडे तोंड करूनच म्हणाली, "मी. आईच्या शेगडीवर. मला सवय कुठं होती मिस ओलीटा, दोनदा तिच्या कानाला चटका लागला. तिनं हूं की चूं केलं नाही." आणि मग चाळीस वर्षं गिळलेलं सगळं तिनं त्या बेसिनमध्ये मान ठेवून सांगितलं. दोघींनी जायचं ठरलं होतं. सकाळी मोझेलच्या पोटात असा गोळा आला की ती न्हाणीघराची कडी काढेना. व्हर्डेल दाराबाहेरून म्हणाली, बरं, तू राहा, फक्त तुझा फ्रॉक आणि बूट दे. माझे कपडे लीटा धुते, ओले झाले तर ती ओळखेल. "दुपारी आली ती निथळत. पायात माझा एकच बूट. दात वाजत होते, आणि हसत होती हो! म्हणाली, मोझेल, मी उभी राहिले, मी पडलेच नाही. मग एकदम रडायला लागली. म्हणाली, लीटाला कळलं तर ती भीतीनंच मरेल, बाबांचं झाल्यापासून ती झोपलेली नाही. माझे केस कर आधी. तू माझं सांगायचं नाहीस, मी तुझं सांगणार नाही. आम्ही बायबलवर हात ठेवला." चार दिवसांनी फोटो छापून आला आणि मोझेलच्या आईनं स्वतः शिवलेला फ्रॉक ओळखला. ती रडत रडत चर्चभर सांगत सुटली, ही माझी पोर. "मी काय म्हणणार होते? मी न्हाणीघरात होते म्हणून?"

"आणि मी तिला भरल्या दुकानात हसले, तेव्हा तू कुठं होतीस?" "इथंच," मोझेल म्हणाली. "त्या तिसऱ्या खुर्चीत. तिनं माझ्याकडे पाहिलं, एकदाच. मी मासिकात डोकं खुपसलं." "आणि पुस्तिकेतली ती ओळ मी खोडली, तेव्हा?" "तेव्हा मला दोन मुलं होती, मिस ओलीटा. त्यांच्या शाळेत दरवर्षी मला त्या फोटोचं सांगायला बोलवायचे." ओलीटाचा हात गरम पाण्याच्या नळावर होता. तो पूर्ण फिरवावा आणि हिची मान तशीच दाबून धरावी असं तिला वाटलं, सत्तर वर्षांच्या, देवाला मानणाऱ्या बाईला असं वाटलं. पण राग पुढं सरकेना. तो मोझेलपर्यंत जायचा आणि परत तिच्याच अंगावर यायचा, कारण आपलेच दात आणि आपलेच ओठ. त्या संध्याकाळी तिनं व्हर्डेलचं डोकं छातीशी धरलं होतं. धरलं म्हणजे नाक त्या केसांत होतं. आणि त्या केसांना ओलीटा केस सरळ करताना लावायची त्या मलमाचा वास नव्हता. हिरव्या डबीतल्या, सस्त्या, लवंगेच्या उग्र वासाच्या मलमाचा होता, जे सगळ्या गल्लीत एकट्या मोझेलची आई वापरायची. शनिवारी सरळ केलेले केस सोमवारी दुसऱ्या कुणी पुन्हा सरळ का करावेत? कोरड्या केसांना कुणी कंगवा लावतं का? हे ओलीटाला कळलं नव्हतं? ज्या बाईला वासावरून सांगता यायचं की कोण कुणाकडे केस करून आलं, तिला? कळलं होतं. वास आला, आणि तिनं नाक बाजूला घेतलं आणि ब्रेड वाढायला उठली. कळून घेतलं असतं तर रोज भ्यावं लागलं असतं, रोज नदीकडे बघावं लागलं असतं. बरं, तेव्हा नाही तर नाही, पुढं तरी? पुढं भ्यायचं काही उरलं नव्हतं. पण तोवर चेष्टा जमून गेली होती, बायका हसत होत्या, आणि हसणाऱ्या बायकांसमोर माघार कोण घेणार? एवढ्याशा गोष्टीसाठी. एवढ्याशाच गोष्टीसाठी तिनं आपली पोर घालवली होती.

"उद्या मी काय करू?" मोझेलनं विचारलं. तिच्या कानशिलांवरून वाहत होतं ते नळाचं की डोळ्यांचं, सांगता येत नव्हतं. "मला काय विचारतेस? मला शहाणीला केसांतलं फार कळतं ना, म्हणून तर हे झालं. ऊठ. खुर्चीत बस." "राहू द्या आज." "बस म्हटलं ना. अर्धं डोकं मी कुणाचं सोडलेलं नाही." तिनं ते केस पुसले, वाळवले, कंगवा तापवला आणि एकेक बट ओढून सरळ केली. शेवटी मोझेलनं आरशात पाहिलं नाही. पर्समधून चार घड्या घातलेला कागद काढला, उद्याचं भाषण, आणि तो बाटल्यांच्या फळीवर ठेवून दिला. "ट्रेनीसकडे मी आत्ताच जाते. उद्या लोकांना मीच सांगेन, त्याच माइकवरून. मला दगड मारले तर मारोत." दारात ती थांबली. "जोनेलला फोन करणार असाल, तर माझं नावही सांगा. लपवू नका."

दुपारचा एक वाजला होता. ओलीटानं दारावरची पाटी उलटी केली, कॅलेंडर काढलं, ते उलटं धरलं. डोळ्यांना आकडे नीट दिसेनात, तिनं बोट ठेवून ठेवून नंबर फिरवला. पलीकडे टीव्ही चालू होता. "जोनेल? मी ओलीटा. अलाबामाहून." टीव्हीचा आवाज बंद झाला. "कोण गेलं?" जोनेलनं विचारलं. आवाज थेट व्हर्डेलचा. "कुणी नाही गेलं गं. ती तुझी ओळ... ती खरी होती." ओलीटा घाईघाईनं सांगू लागली, भिंतभर फोटो, फ्रॉक, मोझेल, न्हाणीघर, सगळं उलटसुलट. "तिचा चेहरा दिसतो?" जोनेलनं मध्येच विचारलं. "नाही. पाठ आहे. पण भांग माझा आहे, जोनेल. माझ्या हातचा आहे." "हो, मॅम," जोनेल म्हणाली, परक्या बाईला म्हणावं तसं. "तू मला शिव्या दे. मी ऐकून घेते." "आईनं मला तसं शिकवलं नाही."

मग जोनेलच म्हणाली, "मावशी, ती ओळ मी माझ्या मनानं लिहिली होती. आईनं लिहायला सांगितलं नव्हतं. मी लहान होते तेव्हा ती सांगायची हो, पाण्याचं, बुटाचं, ती पडली नाही त्याचं, शंभरदा सांगायची. पुढं एका नाताळला तिनं तुम्हाला फोन केला, काय बोलणं झालं ठाऊक नाही, त्यानंतर बंद झालं. इस्पितळात शेवटी शेवटी मलाच विचारायची. जोनेल, मी गेले होते का गं? लीटा म्हणते, मी नव्हते. लीटाला केसांतलं सगळं कळतं. मी म्हणायचे, गेली होतीस, आई. तर म्हणायची, तुला काय ठाऊक बाळा, तू तर जन्मलीही नव्हतीस."

ओलीटानं रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. त्या फोनचं तिला आठवत होतं. दुकानात गर्दी होती, आणि ती म्हणाली होती, अजून तेच का तुझं? एवढंच म्हणाली होती, हसत. तिनं तोंड उघडलं, जोनेलला काहीतरी सांगायला, माफी मागायला. पण बाहेर आलं ते दुसरंच. "गेली होतीस," ती म्हणाली. "गेली होतीस गं, व्हर्डेल. उभी राहिलीस तू. पडली नाहीस." "मावशी," पलीकडून आवाज आला, "मी जोनेल आहे." ओलीटाला ते ऐकू आलं, कळलंही, तरी ती रिसीव्हर दोन्ही हातांनी धरून तेच म्हणत राहिली, आणि जोनेलनं फोन ठेवला नाही.